वीजपुरवठ्याच्या पेटीतील अनोळखी प्रीसेट कसा ओळखावा?

ठिबक सिंचनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप, हरितगृहातील फॉगरची वेळ, खत सोडणाऱ्या पंपाचे चालू-बंद होणे ही कामे आज अनेक शेतांवर स्वयंचलित पॅनेलच्या द्वारे होतात. या पॅनेलच्या दारामागे जाळीदार पत्र्याची एक पेटी बसविलेली असते. येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे २४ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणे हे तिचे काम होय. कारागीर तिला एसएमपीएस म्हणतात. तारा जोडण्याच्या पट्टीजवळ या पेटीवर एक लहानसा फिरता स्क्रू दिसतो. पेटी उघडली तर आत तसाच आणखी एखादा, क्वचित दोनही, आढळतात. अशा फिरत्या स्क्रूच्या भागास प्रीसेट असे नाव आहे. बाहेरच्या प्रीसेटजवळ बहुधा काही खूण छापलेली असते. आतल्याजवळ पुष्कळदा काहीच नसते.

दूरचा एखादा व्हॉल्व्ह उघडेनासा झाला, किंवा नियंत्रक मधूनच बंद पडू लागला, म्हणजे हा स्क्रू जरासा फिरवून पाहण्याचा मोह होतो. फिरवून लगेच काही बिघडले नाही तर तो तसाच सोडून दिला जातो. पुढे काही दिवसांनी सर्व व्हॉल्व्हची वेटोळी आणि नियंत्रक एकाच रात्रीत जळतात आणि कारण कोणालाच उमगत नाही. भर उन्हाळ्यात हरितगृहातील रोपांना दोन दिवस पाणी न मिळाल्यास होणारे नुकसान त्या पेटीच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. सबब अनोळखी प्रीसेट दिसल्यास तो कशाचा आहे हे कोणत्या क्रमाने ठरवावे, कोणते काम शेतकऱ्याने करावे व कोणते प्रशिक्षित वीजतंत्र्यावर सोपवावे, याचे विवेचन येथे केले आहे.

पेटीचे कार्य

ज्याने पाटाचे पाणी धरले आहे त्यास या पेटीचे कार्य समजण्यास अडचण पडू नये. वर कालवा भरून वाहत आहे व खाली शेताचा पाट आहे. पाटातील पाण्याची पातळी सदैव एकच राहावयास हवी. त्यासाठी दारावर एक माणूस बसविला आहे. तो दार क्षणभर उघडतो, क्षणभर झाकतो. पाटाच्या काठी दुसरा माणूस उभा असून त्याच्यासमोर खुणेची काठी रोवलेली आहे. पाणी खुणेखाली गेले की तो इशारा देतो आणि दार अधिक वेळ उघडे राहते. पाणी खुणेवर चढले की दार उघडे राहण्याचा वेळ कमी होतो.

पेटीतही हेच घडते. २३० व्होल्टची वीज आत येताच तिचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होऊन ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. हा झाला कालवा. एक किंवा दोन ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा, बहुधा पन्नास हजार ते एक लाख वेळा, उघडझाप करतात. हे झाले दार. उघडझाप इतकी जलद असल्यामुळे मधला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा लहान पुरतो. पूर्वीच्या लोखंडी पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरला सेकंदाला ५० फेऱ्यांवर काम करावे लागे, म्हणून तो वजनदार असे. बाहेर पडणारी २४ व्होल्टची वीज हा आपला पाट. तिचा दाब पाहून इशारा देणारा भाग निराळा असतो. पुष्कळ पेट्यांत हा इशारा ऑप्टोकप्लर नावाच्या लहानशा चार पायांच्या भागातून, प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो. त्यामुळे २३० व्होल्टची बाजू आणि २४ व्होल्टची बाजू यांचा तारेने संबंध येत नाही. या दोन बाजूंची फारकत हीच शेतकऱ्याच्या जिवाची हमी होय.

प्रीसेट कशाकशाचे असतात?

पाटाचाच दाखला पुढे चालवला तर प्रीसेटचे मुख्य प्रकार सहज ध्यानात येतात.

पहिला प्रकार दाबाचा. काठीवरील खूण वर-खाली सरकवणे हे त्याचे काम. तारांच्या पट्टीजवळ बाहेरून दिसणारा प्रीसेट बहुधा हाच असतो व त्याच्याजवळ रोमन लिपीत ‘व्ही एडीजे’ अशा अर्थाची अक्षरे छापलेली असतात. आतून पाहिले तर तो ४३१ हा आकडा असलेल्या तीन पायांच्या भागाशी, अथवा नियंत्रक चिपशी, जोडलेला असतो. ४३१ हा भाग आपल्या एका पायावर सुमारे २.५ व्होल्ट राखण्याचा प्रयत्न करतो. वरचा रेझिस्टर ८.६ किलोओहम व खालचा १ किलोओहम असेल, तर बाहेर २४ व्होल्ट झाले म्हणजे मधल्या जोडावर बरोबर २.५ व्होल्ट मिळतात. प्रीसेट फिरवल्याने हे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर बाहेरचा दाबही बदलतो.

दुसरा प्रकार प्रवाहाच्या मर्यादेचा. दार जास्तीत जास्त किती उघडावे हे तो ठरवतो. तारांमध्ये शॉर्ट झाल्यास किंवा भार अतोनात वाढल्यास पेटीने आपला पुरवठा आखडता घ्यावा, यासाठी तो असतो. जाड तारेचा किंवा रुंद पट्टीचा अगदी कमी रोधाचा एखादा तुकडा वाटेत बसवलेला असतो. या प्रीसेटची वाट त्या तुकड्याकडे जाते.

तिसरा प्रकार अतिदाब-संरक्षणाचा. हा बंधाऱ्याच्या सांडव्यासारखा आहे. सांडवा वर्षभर कोरडा असतो. पूर आला की त्याचे मोल कळते. इशारा देणारा भाग बिघडून बाहेरचा दाब बेसुमार चढू लागला तर पेटी तत्काळ बंद करणे हे या संरक्षणाचे काम. ते कोणत्या दाबावर जागे व्हावे हे हा प्रीसेट ठरवतो.

चौथा प्रकार उघडझापीच्या वेगाचा, म्हणजे दार सेकंदाला किती वेळा हलावे याचा. नियंत्रक चिपजवळच्या लहान कपॅसिटरशी त्याचा संबंध असतो. कारखान्यात एकदा बसवल्यावर तो पुन्हा हलवण्याचे कारण नसते. चुकीच्या वेगामुळे ट्रान्झिस्टर व ट्रान्सफॉर्मर तापतात आणि पेटी जळू शकते.

याखेरीज काही मोठ्या पेट्यांत पंखा कोणत्या उष्णतेवर सुरू व्हावा, किंवा एकत्र जोडलेल्या दोन पेट्यांनी भार कसा वाटून घ्यावा, यासाठीही प्रीसेट असतात. तक्त्यावर प्रीसेटशेजारी ‘व्हीआर’, ‘आरव्ही’ किंवा ‘एसव्हीआर’ अशी अक्षरे व आकडा छापलेला आढळल्यास तेवढ्यावरून काही ठरवू नये. हा बदलता रोध आहे एवढेच ती अक्षरे सांगतात. तो कशासाठी आहे हे सांगत नाहीत.

उघडण्यापूर्वीची सावधगिरी

पेटीची वीज बंद केली म्हणजे धोका संपला, हा समज घातक आहे. मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेले ३२५ व्होल्ट वीज तोडल्यानंतरही काही काळ, आणि ते उतरवणारा रेझिस्टर तुटलेला असल्यास पुष्कळ वेळ, तसेच राहतात. त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही पुष्कळदा त्याच बाजूशी जोडलेल्या असतात. म्हणून पेटी उघडणे हे काम आयटीआय प्रशिक्षित अथवा तशा अनुभवी तंत्र्यानेच करावे. शेतकऱ्याने झाकणाचा स्क्रू काढू नये.

तंत्र्यानेही पुढील नियम पाळावेत. मुख्य स्विच बंद करून तारा पट्टीतून सोडवाव्यात. काही मिनिटे थांबावे. नंतर मोठ्या कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर मल्टिमीटर लावून दाब पाहावा. तो शिल्लक असल्यास मोठ्या क्षमतेचा रेझिस्टर किंवा २३० व्होल्टचा फिलामेंटचा बल्ब त्यावर धरून उतरवावा व पुन्हा मोजावे. पेचकसाने कपॅसिटर शॉर्ट करू नये. त्याने ठिणगी उडून डोळ्यास इजा होते. कोरड्या जागी, कोरड्या पायताणाने आणि मुख्य स्विच ठाऊक असलेला दुसरा माणूस जवळ असतानाच काम करावे.

पेटीच्या कुशीवर लाल रंगाचा सरकता स्विच असेल व त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतील, तर तो २३० वरच असल्याची खात्री करून घ्यावी. तो ११५ वर सरकवून २३० व्होल्टची वीज दिल्यास आतला दाब दुपटीजवळ जातो आणि कपॅसिटर फुटतात. हा स्विच प्रीसेट नव्हे. पण अनोळखी म्हणून त्याच्याशी खेळ झाल्याने पेट्या निकामी होतात.

ओळखण्याची रीत

पहिली पायरी: कागद पाहावा. पेटीवरील लेबलात दाब, प्रवाह व मॉडेल क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे माहितीपत्रक मिळाल्यास त्यात दाब किती फिरवता येतो हे बहुधा दिलेले असते. पत्रकात एकाच प्रीसेटचा उल्लेख असून आत दोन आढळले, तर दुसरा ग्राहकासाठी ठेवलेला नाही असे समजावे. ज्या प्रीसेटवर रंगाचा किंवा लाखेसारखा ठिपका आहे तो कारखान्याने मोहोरबंद केलेला आहे. अशी मोहोर फोडू नये.

दुसरी पायरी: मूळ जागा नोंदवावी. वीज पूर्ण बंद व कपॅसिटर रिकामा असताना मोबाइलने जवळून छायाचित्र घ्यावे. स्क्रूच्या खाचेपासून कडेपर्यंत बारीक रेघ ओढावी. नंतर प्रीसेटच्या मधल्या पायापासून दोन्ही टोकांपर्यंतचा रोध मोजून लिहून ठेवावा. तक्त्यावर असताना मोजलेला हा आकडा प्रीसेटच्या खऱ्या रोधाइतका नसतो, कारण शेजारच्या भागांतूनही वाट असते. तथापि मीटरच्या तारा त्याच क्रमाने लावल्यास जागा तीच असताना आकडाही तोच येतो; म्हणून मूळ जागेवर परतण्यासाठी तो उपयोगी पडतो. लांबट आकाराचा, अनेक फेऱ्यांचा प्रीसेट असल्यास रेघेचा उपयोग होत नाही. तेथे या आकड्यावाचून दुसरा आधार नाही.

तिसरी पायरी: बाजू ओळखावी. तक्ता उलटून पाहिल्यास तांब्याच्या वाटांमध्ये एक रुंद मोकळा पट्टा दिसतो. ट्रान्सफॉर्मर व ऑप्टोकप्लर हे भाग या पट्ट्याच्या दोन्ही तीरांवर पाय रोवून उभे असतात. मोठे कपॅसिटर आणि २३० व्होल्टच्या तारा ज्या तीरावर आहेत, त्या तीरावरचा प्रीसेट कोणताही असो, त्यास हात लावू नये. चौकशी तेथेच थांबवावी. २४ व्होल्टच्या तीरावर असेल तरच पुढे जावे.

चौथी पायरी: वाट शोधावी. मधल्या पायापासून तांब्याची वाट कोठे जाते ते मीटरने तपासावे. २४ व्होल्टच्या धन टोकापासून रेझिस्टरमार्गे येऊन ती ४३१ कडे किंवा चिपच्या इशाऱ्याच्या पायाकडे जात असल्यास प्रीसेट दाबाचा असण्याचा संभव अधिक. कमी रोधाच्या जाड तुकड्याकडे जात असल्यास प्रवाहाच्या मर्यादेचा. चिपजवळच्या एकाच लहान कपॅसिटरच्या जोडीने असल्यास वेगाचा. तेव्हा तेथेही थांबावे. अतिदाब-संरक्षणाची वाटही धन टोकापासूनच निघते, पण ती निराळ्या तुलना करणाऱ्या भागाकडे अथवा पुरवठा बंद करणाऱ्या भागाकडे जाते. या दोहोंत गफलत होऊ शकते. म्हणून पाचवी पायरी आवश्यक आहे.

पाचवी पायरी: खोटा भार लावून पाहावे. व्हॉल्व्ह, नियंत्रक, संवेदक यांच्या सर्व तारा सोडवाव्यात. प्रयोगाच्या वेळी पेटीला शेतातील एकही उपकरण जोडलेले असू नये. भार म्हणून ट्रॅक्टरचे बल्ब उत्तम. १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले की २४ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतात. अधिक भार हवा असल्यास अशा जोड्या वाढवाव्यात. थंड फिलामेंट सुरुवातीस कित्येक पट प्रवाह ओढते. त्यामुळे पेटी अडखळल्यास जोड्या एकेक करून लावाव्यात. पेटीच्या २३० व्होल्टच्या वाटेत प्रथम १०० वॅटचा फिलामेंटचा सिरीज बल्ब ठेवून ती सुरू करावी. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. सतत प्रखर जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बांचा भार लावून मोजताना मात्र सिरीज बल्ब काढावा.

आता रिकाम्या पेटीचा दाब आणि भारावरचा दाब असे दोन आकडे लिहावेत. पेटी बंद करून, कपॅसिटर उतरवून, प्लास्टिकच्या पेचकसाने प्रीसेट फेरीच्या आठव्या हिश्शाइतका फिरवावा. अनेक फेऱ्यांचा असल्यास एक पूर्ण फेरी द्यावी. झाकण ठेवून पुन्हा सुरू करावे व दोन्ही आकडे पुन्हा लिहावेत. प्रत्येक वेळी बंद करण्यात वेळ जातो हे खरे. परंतु चालू पेटीत हात घालण्याचा प्रसंग त्यामुळे येत नाही.

रिकाम्या पेटीचा व भारावरचा असे दोन्ही आकडे सारखेच चढले किंवा उतरले तर तो प्रीसेट दाबाचा होय. रिकामा आकडा जागेवर राहून भारावरचा आकडाच खाली आला तर तो प्रवाहाच्या मर्यादेचा होय. दाब बदलला नाही, परंतु बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा पेटी पूर्वीपेक्षा तापू लागली, तर तो वेगाचा असण्याचा संभव आहे. ताबडतोब बंद करून मूळ जागी आणावा. पेटी एकाएकी बंद पडली व मुख्य वीज तोडून जोडल्याखेरीज सुरू झाली नाही, तर अतिदाब-संरक्षणास हात लागला असे समजावे. प्रीसेट किंचित हलवताच आकडा थरथरत असेल, तर आतली घासपट्टी खराब झाली आहे. खत व आम्ल ठेवलेल्या खोलीतील पॅनेलमध्ये वाफांमुळे असे घडते. असा प्रीसेट त्याच मूल्याचा नवा बसवावा. कारण घासपट्टीचा संबंध तुटल्यास काही रचनांत दाब एकदम वर चढतो.

‘काहीच बदलले नाही’ याचा अर्थ

या सर्व प्रकरणातील अधिक महत्त्वाची गोष्ट येथे येते. पुष्कळदा प्रीसेट फिरवूनही दोन्ही आकड्यांत काडीइतका फरक पडत नाही. अशा वेळी तो निरुपयोगी आहे असे मानून टोकापर्यंत फिरवला जातो व तसाच सोडला जातो. बहुतेक हानी या एका कृतीतून होते.

आकडा हलला नाही याचा अर्थ एवढाच की, ज्या प्रसंगासाठी तो प्रीसेट ठेवला आहे तो प्रसंग आज उद्भवलेला नाही. सांडव्यावरून पाणी वाहत नाही म्हणून सांडव्याची भिंत हातभर उंच करून टाकली, तर उन्हाळ्यात कोणासही फरक दिसणार नाही. पहिल्या पुरात मात्र बांध फुटेल. अतिदाब-संरक्षणाचा प्रीसेट टोकास नेऊन ठेवला तर पॅनेल कित्येक महिने बिनतक्रार चालेल. ज्या दिवशी इशारा देणारा भाग निकामी होईल, त्या दिवशी चढता दाब रोखणारे कोणी उरणार नाही. प्रवाहाची मर्यादा वाढवून ठेवली तर उंदराने कुरतडलेली तार शॉर्ट होताच पेटी आखडता हात घेणार नाही आणि तार लाल होऊन आग लागण्याचा संभव राहील.

म्हणून निरीक्षणात काहीच बदल न दिसणारा प्रीसेट हा संरक्षणाचा आहे असे गृहीत धरावे, तो रेघेवर व नोंदलेल्या रोधावर परत आणावा आणि त्यावर रंगाचा ठिपका द्यावा. त्याचा नेमका उंबरठा शोधण्यासाठी दाब जाणूनबुजून चढवत नेणे शेतावर करू नये. २४ व्होल्टच्या पेटीतील बाहेरच्या बाजूचे कपॅसिटर पुष्कळदा ३५ व्होल्टपर्यंतचेच असतात.

ज्या पेटीत पूर्वीच कोणी स्क्रू फिरवला आहे व मूळ जागेची नोंद नाही, ती पेटी अंदाजाने जुळवून पुन्हा व्हॉल्व्हना जोडू नये. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या पेटीशी रोधाचा आकडा ताडून पाहता येत असेल तर पाहावे; अन्यथा पेटी बदलावी.

दाब वाढवणे हा उपाय आहे काय?

मुळात प्रीसेटकडे हात का जातो याचा विचार केल्यास पुष्कळदा दोष पेटीत नसतोच. समजा, व्हॉल्व्ह पॅनेलपासून ३०० मीटरवर आहे व तार १ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. जाणारी व येणारी मिळून ६०० मीटर तार झाली. तिचा रोध सुमारे ११ ओहम. व्हॉल्व्ह ०.३ अँपिअर घेत असल्यास वाटेत ३.३ व्होल्ट खर्ची पडतात आणि व्हॉल्व्हपाशी २०.७ व्होल्टच पोचतात. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेतील खर्च सुमारे १.३ व्होल्टवर येतो व व्हॉल्व्हला २२.७ व्होल्ट मिळतात.

याऐवजी प्रीसेट फिरवून पेटीचा दाब २८ व्होल्ट केला, तर दूरचा व्हॉल्व्ह उघडेल खरा; परंतु जवळच्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढेल व तासन्‌तास चालू राहणारे वेटोळे जळेल. नियंत्रकालाही हा दाब मानवेलच असे नाही. यास्तव व्हॉल्व्ह चालू असताना प्रथम पॅनेलपाशी आणि नंतर व्हॉल्व्हपाशी दाब मोजावा. पॅनेलपाशी २४ व व्हॉल्व्हपाशी बराच कमी असेल तर दोष तारेत किंवा जोडात आहे. पॅनेलपाशीच भार लावताच दाब ढासळत असेल तर पेटीतील कपॅसिटरचे माथे फुगले आहेत काय ते तंत्र्याने पाहावे. जीर्ण कपॅसिटरवर प्रीसेट हा उपाय नव्हे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. शेतकऱ्याने पॅनेल बसवतानाच पेटीचे लेबल, पॅनेलपाशी मोजलेला दाब आणि बाहेरील प्रीसेटचे छायाचित्र जपून ठेवावे. पुढील प्रत्येक चौकशीचा हा पाया आहे.

२. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तक्रार येताच, स्क्रू कोणी फिरवला आहे काय, हे प्रथम विचारावे; नंतर दोन्ही ठिकाणचा दाब मोजण्यास सांगावे. पेटी उघडण्याचा सल्ला देऊ नये.

३. पेटी प्रशिक्षित तंत्र्यानेच उघडावी. वीज तोडणे, थांबणे, कपॅसिटर मोजणे, हा क्रम एकदाही चुकवू नये.

४. आधी नोंद, मग बाजू, मग वाट आणि शेवटी फिरवणे. हा क्रम उलटा करू नये.

५. २३० व्होल्टच्या तीरावरील व मोहोरबंद प्रीसेट फिरवू नये.

६. प्रयोग खोट्या भारावर करावा; व्हॉल्व्ह व नियंत्रक सोडवलेले असावेत.

७. फिरवूनही काही बदलले नाही तर तो प्रीसेट संरक्षणाचा मानून तत्काळ मूळ जागी आणावा.

८. काम संपल्यावर तारीख, सापडलेला प्रकार, मूळ व अखेरचा दाब एका चिठ्ठीवर लिहून ती पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पुढे येणाऱ्या तंत्र्यास तो प्रीसेट मग अनोळखी राहणार नाही.